प्रकल्प नोंदी: चार पिरियडचा बीई अभ्यास आणि अर्धवट राहिलेले सब्जेक्ट

3 मार्च 2025

आमच्या बीई अभ्यासाच्या (बायोइक्विव्हॅलन्स, म्हणजे नवी गोळी मूळ गोळीइतकंच औषध रक्तात पोचवते का याची तपासणी) प्रोटोकॉलमधलं एक वाक्य आज पुन्हा वाचलं: मूल्यमापनास योग्य अशा सर्व सब्जेक्टचा (भाग घेणाऱ्यांचा) डेटा विश्लेषणात घेतला जाईल. योग्य कोणाला म्हणायचं, हे पुढे कुठेच लिहिलेलं नाही. दोन पिरियडच्या साध्या क्रॉसओव्हरमध्ये (त्याच माणसाला एका खेपेला, म्हणजे पिरियडला, एक गोळी आणि पुढच्याला दुसरी) असं वाक्य खपून जातं. तिथे माणसाकडे टेस्ट (नवी गोळी) आणि रेफरन्स (मूळ गोळी) दोन्हीचे आकडे असले तर तो आत, एकाचे नसले तर बाहेर. ईएमएच्या (युरोपची औषध नियामक संस्था) 2010 च्या मार्गदर्शिकेतही हाच नियम आहे.

आमचा अभ्यास चार पिरियडचा, पूर्ण रेप्लिकेट, म्हणजे दोन्ही गोळ्या प्रत्येकी दोनदा. निम्मे लोक टीआरटीआर, निम्मे आरटीआरटी (टी म्हणजे टेस्ट, आर म्हणजे रेफरन्स, त्या क्रमाने). इथे कोणी तीन पिरियड देऊन जातो, कोणी दोन. काहींचा मधलाच एखादा पिरियड गळतो. त्या सगळ्यांना एका 'योग्य'मध्ये कसं बसवायचं?

शिवाय या अभ्यासाला दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची आहेत. टेस्टचं रेफरन्सशी गुणोत्तर किती, हा एक. तेच रेफरन्स त्याच माणसाला दोनदा दिल्यावर आकडे किती हलतात, म्हणजे रेफरन्सचा माणसाच्या आतला सीव्ही (चढउताराची टक्केवारी) किती, हा दुसरा. तो सीव्ही 30 टक्क्यांच्या वर गेला तर ईएमए सीमॅक्ससाठी (रक्तातल्या औषधाचं शिखर) गुणोत्तराच्या विश्वासांतराची 80 ते 125 टक्क्यांची हद्द रुंदावू देते. 50 टक्क्यांना रुंदावणं थांबतं, तिथे हद्द 69.84 ते 143.19 असते. गुणोत्तर स्वतः मात्र 80 ते 125 मध्येच असावं लागतं.

काम असं: एसएपीमधला (सांख्यिकी विश्लेषणाचा आराखडा) अपुऱ्या डेटाचा भाग नव्याने लिहायचा, स्क्रिप्ट तपासायची, आणि नमुने बायोॲनालिसिसला (रक्तातलं औषध मोजायला) जायच्या आत सह्या घ्यायच्या. शेवटची अट सगळ्यात कडक. कोणाला का वगळलं याची कारणं प्रोटोकॉलमध्ये आधी असावीत आणि निर्णयाची नोंद बायोॲनालिसिसच्या आधी व्हावी, असं ईएमए म्हणते. आकडे बघून माणूस वगळला तर कोणी ऐकून घेणार नाही, आणि घेऊही नये.

5 मार्च

क्लिनिकमधून सब्जेक्ट 31 ची फाइल आली. सीक्वेन्स आरटीआरटी. दुसऱ्या पिरियडला, 28 फेब्रुवारीला, डोसनंतर पाऊण तासात उलटी. त्याच दिवशी त्याला अभ्यासातून काढून घरी पाठवलं.

का काढलं, विचारलं. उत्तर: "सर, एसओपीत तसंच आहे, उलटी झाली की विथड्रॉ." एसओपी (क्लिनिकची लेखी कार्यपद्धती) दोन पिरियडच्या अभ्यासासाठी लिहिलेली आणि इथे जशीच्या तशी वापरलेली. तिथे ती बरोबर आहे, कारण एक पिरियड गेला की माणूस असाही उपयोगाचा राहत नाही. इथे या माणसाकडे आता फक्त पहिल्या पिरियडचं एक रेफरन्स उरलंय. प्रकृती ठीक होती आणि त्याची पुढे यायची तयारी होती, मग त्याला थांबू दिलं असतं तर त्याच्याकडे आर, आर आणि टी असे तीन पिरियड झाले असते. गुणोत्तरात तो मोजला गेला असता, रेफरन्सच्या सीव्हीतही. आता दोन्हीकडून गेला. वैद्यकीय कारणाने काढलं असतं तर हा विषयच नव्हता.

दुसरा गुंता उलटीच्या वेळेचा. मीडियन टीमॅक्सच्या (शिखर गाठायला लागणाऱ्या वेळेचा मध्यक) दुपटीच्या आत उलटी झाली तर तत्काळ सुटणाऱ्या गोळीचा तो पिरियड वगळावा, ही अमेरिकेची जुनी रीत (अमेरिकेचं एफडीए, आपलं बांद्र्याचं नव्हे). उलटी किती वाजता झाली ते नर्सच्या वहीत आहे. मीडियन टीमॅक्स मात्र बायोॲनालिसिस झाल्यावरच कळणार, आणि निर्णय तर त्याच्या आधी हवा. म्हणून एसएपीत प्रकाशित माहितीतला टीमॅक्स धरून तासांचा ठाम आकडा लिहिला. 31 ची उलटी त्याच्या कितीतरी आत आहे.

10 मार्च

तिसऱ्या पिरियडचं डोसिंग 7 तारखेला झालं. आणखी एक गेला: सब्जेक्ट 07, टीआरटीआर, तिसऱ्या चेक-इनला आलाच नाही. फोनवर संमती मागे घेतली. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक'.

तो त्याचा हक्कच आहे. 2019 च्या क्लिनिकल ट्रायलच्या नियमांप्रमाणे कारण न देता कधीही बाहेर पडता येतं, आणि क्लिनिकने खोदून विचारणं योग्यही नाही. पण 'वैयक्तिक' या शब्दाखाली काहीही मावतं: नोकरी लागली, बायको ओरडली, नाहीतर गोळीने डोकं धरलं होतं. पहिली दोन कारणं औषधाशी संबंध नसलेली, तिथे डेटाची गळती निव्वळ योगायोगाची. तिसरं तसं नाही. म्हणून त्याच्या प्रतिकूल घटनांची नोंदवही मागवली. दुसऱ्या पिरियडला, म्हणजे रेफरन्सनंतर, सौम्य डोकेदुखी आहे, औषध न देता बरी झालेली. यावरून काही ठरवत नाही, पण 07 च्या नावासमोर लिहून ठेवलं. शेवटी गळालेल्यांचा तक्ता करताना सीक्वेन्स, शेवटचा डोस आणि नोंदलेली तक्रार असे तीन रकाने हवेत, नुसतं कारण नको. टेस्टनंतर गळणारे जास्त निघाले तर ते अहवालात लपवता येणार नाही.

दुपारी टीमसाठी एक साधा हिशेब मांडला. पिरियडचा परिणाम क्षणभर बाजूला ठेवायचा. माणसाला आपल्याच आकड्यांशी ताडून बघायचं असेल, म्हणजे मॉडेलमध्ये सब्जेक्ट स्थिर परिणाम म्हणून असेल, तर गुणोत्तरात त्याचं वजन काढता येतं: त्याच्या टीची संख्या गुणिले आरची संख्या, भागिले दोघांची बेरीज.

चारही पिरियड: 2 गुणिले 2 भागिले 4, वजन 1.
एक पिरियड गेला: 1 गुणिले 2 भागिले 3, वजन दोन तृतीयांश.
एक टी, एक आर: अर्धा.
नुसते आर, कितीही असोत: शून्य.

म्हणजे 07 अजून अर्धा आहे, 31 शून्य. "मग 07 ला ठेवायचं की काढायचं?" असं डेटा मॅनेजमेंटच्या मुलीने विचारलं. गुणोत्तरासाठी ठेवायचं. रेफरन्सच्या सीव्हीसाठी त्याच्याकडे एकच आर आहे, तिथे त्याच्याकडून काहीच मिळत नाही. एकाच माणसाबद्दल ही दोन उत्तरं, आणि एसएपीत दोन्ही वेगवेगळी लिहायला हवीत. सीआरएफमध्ये (सब्जेक्टच्या नोंदींचा फॉर्म) सब्जेक्टपुढे एकच हो-नाही खूण आहे. ती पुरणार नाही.

13 मार्च

आज चौथ्या पिरियडचं चेक-इन. आज होळी. वेळापत्रक बनवणाऱ्याने कॅलेंडर बघितलं नाही की बघून दुर्लक्ष केलं, कोण जाणे. कोकणातला माणूस शिमग्याला आणि गणपतीला कोणासाठी थांबत नाही. पिरियडप्रमाणे मिळणारी भरपाई त्याला इथे रोखून धरेल, हा क्लिनिकचा भ्रम.

15 मार्च

अपेक्षेप्रमाणे दोघं आले नाहीत. सब्जेक्ट 19 आणि सब्जेक्ट 22. दोघांनीही आधी सांगितलं होतं की घरी पालखी येणार आहे. नोंद स्वच्छ आहे, तारखेसकट. औषधाशी याचा काही संबंध नाही हे इतक्या खात्रीने क्वचित सांगता येतं.

आता गंमत बघा. 19 चा सीक्वेन्स आरटीआरटी, 22 चा टीआरटीआर. एकच सण, एकच पिरियड चुकलेला, आणि गुणोत्तरात दोघांचं वजनही सारखंच, दोन तृतीयांश. पण 19 ने आर, टी, आर दिलेत, तर 22 ने टी, आर, टी. 19 रेफरन्सच्या सीव्हीत पूर्ण मोजला जातो, 22 तिथे नसल्यात जमा.

म्हणून नुसतं 'इतके ड्रॉपआउट' लिहून भागत नाही. रेफरन्स दोनदा मिळालेले किती उरले, हा आकडा वेगळा ठेवावा लागतो. ईएमएच्या प्रश्नोत्तरांत तीन पिरियडच्या टीआरटी आणि आरटीआर रचनेबद्दल हाच मुद्दा आहे: आरटीआर गटात निदान 12 जणांचा डेटा हवा, कारण सीव्ही फक्त तेच देतात. आमची रचना त्याहून सुरक्षित आहे, पण मोजायची पद्धत तीच.

टीआरआर, आरटीआर, आरआरटी या अर्धरेप्लिकेट रचनेत तर हे आणखी टोकाला जातं. आरआरटीवाला शेवटच्या पिरियडला गेला की गुणोत्तरातून पूर्ण बाहेर, सीव्हीत मात्र शाबूत. टीआरआरवाला शेवटी गेला तर नेमकं उलट. पुढच्या अभ्यासाच्या आखणीत हे सांगायचं आहे. आणि ड्रॉपआउटची भर घालताना 48 ला 1.15 ने गुणायचं थांबवा, हेही. 15 टक्के गळणार असतील तर 48 भागिले 0.85, म्हणजे 57, सम हवेत म्हणून 58. गुणून येणाऱ्या 56 मधून 15 टक्के गेले की 48 उरत नाहीत.

18 मार्च

स्क्रिप्टची तपासणी. यासाठी ईएमएने प्रश्नोत्तरांसोबत दिलेले दोन डेटासेट आहेत, ते सोन्यासारखे. पहिला चार पिरियडचा, 77 सब्जेक्टचा, आणि अपुरा: 308 ओळी असायला हव्यात, आहेत 298. दुसरा तीन पिरियडचा, 24 जणांचा, एकही ओळ न गळालेला.

पद्धत अ म्हणजे सगळे परिणाम स्थिर. पद्धत ब म्हणजे सब्जेक्ट यादृच्छिक, बाकी तेच. पहिल्या डेटासेटवर:

पद्धत अ: गुणोत्तर 115.66, विश्वासांतर 107.11 ते 124.89.
पद्धत ब: गुणोत्तर 115.73, विश्वासांतर 107.17 ते 124.97.

दुसऱ्यावर दोन्ही पद्धतींनी 102.26 आणि 97.32 ते 107.46, तंतोतंत एक. आमच्या सॅस स्क्रिप्टने आणि आर भाषेतल्या रेप्लिकेटबीई पॅकेजने हेच आकडे दिले. पहिल्या डेटासेटच्या रेफरन्सचा सीव्ही 46.96 टक्के, त्यावरून रुंद हद्द 71.23 ते 140.40. तेही जुळलं.

डेटा पूर्ण आणि संतुलित असेल तर अ आणि ब मध्ये फरकच पडत नाही. पडतो तो गळालेल्या ओळींमुळे. पद्धत ब फक्त टी किंवा फक्त आर देणाऱ्या माणसालाही कामाला लावते: त्याची तुलना इतर माणसांशी करून थोडी माहिती काढते. पद्धत अ त्याला त्याच्या स्वतःपलीकडे जाऊ देत नाही.

पहिल्या डेटासेटच्या वरच्या टोकाकडे पुन्हा बघितलं: 124.89 आणि 124.97. दोन्ही 125 च्या आत, पण दुसरा अगदी कठड्यावर. इथे हद्द रुंदावलेली असल्याने काही बिघडत नाही. हेच एयूसीचे (रक्तात पोचलेल्या एकूण औषधाचे) आकडे असते तर? ईएमए एयूसीची हद्द रुंदावत नाही. अशा ठिकाणी पद्धतीची निवडच निकाल फिरवू शकते. ईएमएचं म्हणणं तेच आहे: दोन्ही पद्धतींनी निर्णय बदलत नसेल तर ब चालेल, पण निकाल काठावर असेल आणि बऱ्याच सब्जेक्टनी फक्त काही पिरियड दिलेले असतील, तर अ ने केलेलं विश्लेषण मागितलं जाऊ शकतं. मागायची वाट का बघा? मुख्य विश्लेषण अ, पूरक ब, असं लिहून टाकलं.

19 मार्च

स्क्रिप्टसाठी एक चाचणी जोडली, फार आवडती. सीव्हीच्या मॉडेलमध्ये फक्त रेफरन्सच्या ओळी जातात: सीक्वेन्स, त्यातला सब्जेक्ट, पिरियड. एकच आर असलेला माणूस इथे आपली एक ओळ आणतो आणि स्वतःच्या परिणामासाठी तीच खर्च करतो. शिल्लक शून्य. म्हणून अशा सगळ्यांना काढून पुन्हा चालवलं तर विचलन शेवटच्या दशांशापर्यंत तेच आलं पाहिजे, स्वातंत्र्यमात्राही तेवढ्याच. आकडा हलला, तर कोड कुठेतरी सब्जेक्टला ओळखण्यात गोंधळतोय. आमचा हलला नाही.

नुसते दोन आर असलेल्याची गोष्ट जरा वेगळी. पद्धत अ मध्ये त्याचं थेट वजन शून्य, पण त्याचे दोन आकडे दोन वेगळ्या पिरियडचे असल्यामुळे पिरियडच्या परिणामाचा अंदाज सरकतो आणि त्यातून गुणोत्तरही किंचित सरकतं. 'शून्य आहे, राहू दे' म्हणून त्याला सोडता येत नाही. आमच्याकडे सध्या असा कोणी नाही, पण बायोॲनालिसिसनंतर होऊ शकतो. नियम लिहिला: गुणोत्तराच्या डेटासेटमध्ये टी आणि आर दोन्हीचा निदान एकेक आकडा असलेलेच. सीव्हीच्या डेटासेटमध्ये दोन आर असलेले सगळे, टी असो नसो. दुसऱ्या भागावर कोणी बोट ठेवू शकेल, म्हणून असे सब्जेक्ट वगळून काढलेला सीव्हीही शेजारी छापायचा. माझ्या मते दोन प्रामाणिक रेफरन्स फेकून देणं जास्त चूक.

21 मार्च

स्पॉन्सरशी (अभ्यास करून घेणारी कंपनी) कॉल. त्यांच्या बाजूच्या सरांचं म्हणणं: "चारही पिरियड पूर्ण केलेलेच घ्या, प्रश्नच मिटतो." मिटत नाही. शिमग्याला गेलेले दोघं, डोकेदुखीवाला 07, सगळ्यांचा वैध डेटा जातो. आणि जे गेले ते औषधामुळे गेले असतील तर उरलेल्यांचा निकाल फक्त सहन झालेल्यांचा निकाल ठरतो. ईएमएला डोस घेतलेली सगळी माणसं शक्यतो आत हवीत. शेवटी त्यांनी मान्य केलं, पण 'संवेदनशीलता विश्लेषण म्हणून तरी ठेवा' असा आग्रह. ठेवलं. त्याला मुख्य म्हणणार नाही एवढीच अट.

गळालेल्यांच्या जागी नवे लोक का नाही घेतले, हेही विचारलं. पहिल्या डोसच्या आधी राखीव माणूस घेता येतो. अभ्यास सुरू झाल्यावर बदली घेतली की मॉडेल आणखी गुंतागुंतीचं होतं, म्हणून सहसा कोणी घेत नाही. आकड्यांच्या रिकाम्या जागा भरून घ्यायचा विषयही त्यांनी काढला, मी तो तिथेच संपवला. ज्या माणसाने गोळी घेतलीच नाही त्याचा सीमॅक्स बनवायचा नाही.

त्यांची एक शंका मात्र रास्त होती: आधीच्या एका अहवालात तक्त्यातल्या भौमितिक सरासऱ्यांचं गुणोत्तर मॉडेलच्या गुणोत्तराशी जुळत नव्हतं. अपुरा डेटा असला की जुळणार नाहीच. कच्च्या सरासरीत 22 चे दोन टी आणि एक आर जसेच्या तसे मिसळतात. मॉडेल आधी त्याचा स्वतःचा तळ काढून घेतं. तक्त्याखाली तशी टीप द्यायचं ठरलं.

24 मार्च

याच अभ्यासावर अमेरिकेची फाइलही करायची आहे. तिथलं गणित वेगळं. तिथल्या एफडीएने प्रोजेस्टेरॉनच्या मार्गदर्शिकेसोबत दिलेला कोड बहुतेक सगळे वापरतात. त्यात प्रत्येक माणसाचा टी आणि आरमधला सरासरी फरक काढताना चारही आकडे लागतात. एक नसला की तो रकाना रिकामा. दोन रेफरन्समधला फरक वेगळा काढला जातो, त्याला फक्त दोन आर पुरतात. म्हणजे 19 पहिल्यातून गेला, दुसऱ्यात राहिला. 22 दोन्हीतून गेला.

पुढे रेफरन्सचं प्रमाणित विचलन 0.294 च्या खाली आलं, म्हणजे सीव्ही साधारण 30 टक्क्यांच्या खाली, तर रेफरन्सच्या चढउताराप्रमाणे हद्द ठरवायचं हे गणितच लागू होत नाही आणि साध्या मिश्र मॉडेलकडे जायचं. ते मॉडेल मिळेल ती ओळ घेतं, त्यामुळे 22 परत आत येतो. निकाल कोणत्या फाट्याने जातो त्यावर विश्लेषणात कोण हे ठरतं, हे मला कधीच पटलेलं नाही. पण पटो न पटो, दोन्ही फाट्यांवर कोण आत आणि कोण बाहेर याच्या दोन याद्या आधीच लिहून ठेवल्या.

आयसीएचच्या (औषध नियमांचं आंतरराष्ट्रीय मंडळ) एम13ए या बीई मार्गदर्शिकेचा मजकूरही चाळला. जुलै 2024 मध्ये अंतिम झालेला आहे, पण हायली व्हेरिएबल (सीव्ही 30 टक्क्यांच्या वरच्या) औषधांचा भाग एम13सी साठी राखून ठेवलाय. तोवर 2010 ची मार्गदर्शिका आणि प्रश्नोत्तरंच.

27 मार्च

बायोॲनालिसिसनंतरच कळणाऱ्या गोष्टींचे नियम आजच लिहिले, म्हणजे तेव्हा वाद नको.

डोसच्या आधीच्या नमुन्यात त्या पिरियडच्या सीमॅक्सच्या 5 टक्क्यांहून जास्त औषध सापडलं, तर त्या माणसाचा तेवढा पिरियड वगळायचा. दोन पिरियडच्या अभ्यासात त्याने माणूसच जातो; इथे फक्त पिरियड. त्यानंतर वरचे वजनाचे नियम पुन्हा लावायचे.

नमुना फुटला, रक्त विरघळलं, वेळेत काढता आलं नाही: हा गळालेला पिरियड नव्हे, गळालेला बिंदू. उताराच्या भागात एखादा नमुना नसला तर शेजारचे दोन बिंदू जोडून एयूसी येतो. शिखराच्या आसपासचे लागोपाठ नमुने नसले तर एयूसी कसाबसा तगतो, सीमॅक्सवर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून खूण सब्जेक्टवर नको, पिरियडवरही नको. सब्जेक्ट, पिरियड आणि मापदंड अशा तिघांवर हवी. डेटा मॅनेजमेंटने कपाळावर हात मारला, पण रकाने वाढवले.

1 एप्रिल

पाडव्यानंतर सगळे जागेवर आले. क्यूएच्या (गुणवत्ता तपासणी) मॅडमनी एकच दुरुस्ती सांगितली: 31 च्या फाइलमध्ये 'प्रोटोकॉलनुसार काढले' असं लिहिलंय, प्रोटोकॉलमध्ये तसं कुठेही नाही, ते एसओपीत आहे. प्रोटोकॉल विचलन म्हणून नोंदवलं. रेप्लिकेट अभ्यासांसाठी एसओपीला पुरवणी करायचं क्लिनिकने कबूल केलं: उलटी झालेला पिरियड वगळायचा, माणूस नाही, तपासणाऱ्या डॉक्टरांनी पुढे चालू ठेवायला हरकत नाही असं लिहिलं तर.

एसएपीवर सह्या झाल्या. पुरवणीत चार नावं: 07 गुणोत्तरात, सीव्हीत नाही. 19 दोन्हीकडे. 22 गुणोत्तरात. 31 कुठेच नाही, सुरक्षिततेच्या तक्त्यांत आहे. नमुने संध्याकाळी कोरड्या बर्फात लॅबला गेले. लॅबकडे रँडमायझेशन कोड नाही.